बागेतल्या रोबोंना वरून हुकूम द्यायचा की आपसात ठरवू द्यायचं?

केळीवाला_रावेर:
मंडळी, कटाईच्या दिवशी केळीचे घड बागेतून गाडीपर्यंत वाहायला माणसं मिळत नाहीत हे सगळ्यांना माहितीये. उद्या त्यासाठी दहा-वीस रोबो आलेच तर त्यांना एका कॉम्प्युटरवरून चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दाट पानांखाली जीपीएस गडबडतं, रेंज जाते आणि संपर्क तुटला की सगळेच उभे. प्रत्येकाने शेजारच्याशी बोलून काम वाटून घ्यावं. हार्वर्डवाल्यांनी २०१४ मध्ये १०२४ किलोबोट म्हणजे छोटे छोटे रोबो असेच चालवले, प्रत्येक फक्त जवळच्यांशी इन्फ्रारेडने बोलायचा तरी सगळ्यांनी मिळून चांदणीचा आकार केला.

धुळ्याचा_ऑटोमेशनवाला:
नाही पटत भो. त्या किलोबोटना आकार आधीच दिलेला होता, चार रोबो मांडून सुरुवात करून दिली होती, आणि सपाट टेबलावरही १२ तासांच्या आसपास लागले. तेवढा वेळ गाडीवाला थांबेल का? अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये गोदामातले रोबो बनवणारी किवा कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली, ते रोबो जमिनीवरचे कोड वाचत चालतात पण कोणी कुठल्या वाटेने जायचं हे वरचं सॉफ्टवेअर ठरवतं. दोन ओळींमधल्या अरुंद वाटेत दोन रोबो समोरासमोर आले तर मागे कोण सरणार?

केळीवाला_रावेर:
रिकामा सरेल. भरलेले सगळे गाडीकडेच चाललेत, म्हणजे समोरून येणारा रिकामाच असणार, एवढा एक नियम पुरतो. आणि गोदामाची फरशी हलत नाही, पिलबागेत, म्हणजे कटाईनंतर बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर धरलेल्या बागेत, पिलं कुठूनही वर येतात, ओळ सरळ राहतच नाही, तुमचा नकाशा दरवर्षी चुकणार.

धुळ्याचा_ऑटोमेशनवाला:
नकाशाचं मान्य. पण त्या रिकाम्याच्या मागे अजून तीन रिकामे असले तर? शेवटच्याला पुढे काय झालंय ते दिसत नाही, तो पुढेच येत राहील आणि वाट जाम.

चोपड्याची_शेतकरीण:
वाटेत शिरायच्या आधीच ठरवा ना. रीड स्मिथ या संगणकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये मांडलेली पद्धत आहे, काम पुकारायचं, जो रोबो जवळ आहे नि ज्याची बॅटरी पुरते त्याने बोली लावायची, मार्केट यार्डातल्या लिलावासारखं. वाटसुद्धा अशीच पुकारा, एका वेळी एकालाच. मला काळजी घडाची आहे, वाटेत धक्का लागून साल काळी पडली की व्यापारी तिथेच भाव पाडतो.

धुळ्याचा_ऑटोमेशनवाला:
ताई, पण लिलाव पुकारणाराच बंद पडला तर? त्याच्या जागी दुसरा कोण पुकारेल हे आधी ठरलेलं पाहिजे, आणि ते बाहेरूनच ठरवावं लागेल.