मदत हवी आहे: शिवणाच्या डब्यात काय काय ठेवू? (टाके सुटतायत, वैतागलेय)

रिकामी_बॉबिन
शिवण नुकतंच सुरू केलंय. तयार मिळतो तो संच आणला होता. पारदर्शक डबी, आत बोटभर उंचीची चोवीस रिळं, खेळण्यातली वाटावी अशी कात्री आणि एक टेप. त्यातला दोरा नुसता बोटांनी ओढला तरी तुटतो. कात्री कापड कापत नाही, चावते. आता सगळं सुटं घ्यायचं ठरवलंय. काय काय घेऊ?
आणि हो, टाके मधूनमधून सुटतायत. सुई बदलून झाली, दोरा बदलून झाला. दोन दिवसांत काम संपवायचंय, तेव्हा 'आधी क्लास लावा' वगैरे नको. यादी द्या.

गाठीभेटी
टाके सुटतात म्हणजे शेवटची गाठ बसत नाही. दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की पीळ पडून गुंततो. मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्या. शेवटी एकाच जागी दोन बारीक टाके घालायचे, दुसऱ्याच्या फासातून सुई काढायची. यादीत मेण आणि अंगुस्तान (सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी) लिहा. अंगुस्तान पहिले दोन दिवस नकोसं होतं, मग त्याशिवाय बोट उघडं वाटतं.

कात्रीला_हात_लावू_नका
आधी कात्री. आठ-नऊ इंची, वाकड्या मुठीची. खालचं पातं टेबलाला टेकून सरकतं, कापड उचललं जात नाही. तिने कागद कापायचा नाही, म्हणजे नाही. माझ्या कात्रीने घरात कोणीतरी सँडपेपर कापला. कोणी ते अजून कबूल झालेलं नाही.

उलटी_टीप
सीम रिपर. सगळ्यात आधी. दोन टोकं असतात, एक लांब अणकुचीदार आणि एक आखूड, त्यावर बहुधा लाल मणी. टोकाने एकेक टाका उचलून तोडायचा. मणी असतो तो कापडात टोक घुसू नये म्हणून. ब्लेडने उसवायला जाल तर कापडच फाडाल.

रिकामी_बॉबिन
@उलटी_टीप, मी शिवायला बसलेय हो, उसवायला नाही.
@गाठीभेटी, हाताने नाही, मशीनवर. ते उघड आहे.

गाठीभेटी
कुठून उघड आहे? अख्ख्या पोस्टमध्ये मशीन हा शब्द नाही.

उलटी_टीप
@रिकामी_बॉबिन बरं.

तेलपाणी
वरचा दोरा पूर्ण काढा आणि फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून पुन्हा ओवा. फूट खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि कापडाखाली जाळं होतं. सुईची सपाट बाजू बहुतेक घरगुती मशीनमध्ये मागे असते. सुई पार वर टेकेपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळा. जरा खाली राहिली तरी टाका सुटतो.
एवढ्याने नाही झालं तर तीन गोष्टी सांगा: मशीन कोणतं, सुईचा नंबर काय, कापड काय?

साधासरळ
मशीन घेताना मोटर लावता येईल असंच घ्या. नंतर पस्तावायला होतं.

रिकामी_बॉबिन
मशीन घेऊन झालंय. मोटरचंच आहे.

साधासरळ
मग ठीक. ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहिलं.

अर्धी_चिंधी
एवढा पसारा कशाला? सुई, दोरा, कात्री, टेप. खडूऐवजी अंगाच्या साबणाची झिजलेली वडी. कडेने रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. आणि ते कागद कापू नये वगैरे थोतांड आहे. माझी एकच कात्री, बारा वर्षं कागदही कापते, कापडही.

कात्रीला_हात_लावू_नका
कापते की कुरतडते? शिफॉनवर चालवून फोटो टाका.

अर्धी_चिंधी
शिफॉन शिवतंय कोण? धार लावून आणली की झालं.

कात्रीला_हात_लावू_नका
कागदात खडूसारखी खनिजं भरलेली असतात, म्हणून पातं बोथटतं. ही श्रद्धेची गोष्ट नाही.

जुनं_रीळ
कात्रीवरून भांडण सुरू झालंच आहे तर सुईबद्दल सांगतो. हातसुईचं नेढं मागे, मशीनच्या सुईचं टोकाशी. एलियस हाउने 1846 साली पेटंट घेतलं त्या मशीनची करामत त्यातच होती.

तेलपाणी
त्याच्या आधी वॉल्टर हंटने टोकाशी नेढं असलेलं मशीन केलं होतं, पेटंट वेळेत घेतलं नाही इतकंच. सेफ्टी पिनचं मात्र घेतलं, 1849 मध्ये. पण मूळ प्रश्न राहिला. @रिकामी_बॉबिन, कापड?

रिकामी_बॉबिन
पुन्हा ओवलं, सुई वर ढकलली. तरी चार टाके पडतात, दोन सुटतात. कापडाचा काय संबंध? साधंच आहे, ट्रॅकपँटचं. सुई 16 नंबर. दुकानात मुद्दाम बारीकातली बारीक मागून घेतली.

तेलपाणी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना!
16 बारीक हे कोणी सांगितलं?

रिकामी_बॉबिन
हातसुयांच्या पाकिटावर मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. बघून घ्या.

तेलपाणी
हातसुईचं बरोबर. मशीनचं नेमकं उलट, मोठा नंबर म्हणजे जाड सुई. पाकिटावर 100/16 लिहिलं असेल. 100 म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग, सुई पूर्ण एक मिलिमीटर जाड. ती जीन्सची सुई झाली. साध्या सुती कापडाला 80/12 किंवा 90/14 लागते.
तुमचं कापड ताणतं, म्हणजे टी-शर्टसारखं फासांच्या विणीचं. नेहमीची टोकदार सुई त्याचा धागा भोसकते. कापड सुईबरोबर वर-खाली होतं, वरच्या दोऱ्याचा फास तयारच होत नाही, मग खालच्या हुकाला पकडायला काही उरत नाही. बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच लिहिलेली 75/11 आणा. तिचं टोक गोलसर असतं, धाग्यांच्या मधून वाट काढते. दोरा पॉलिस्टरचा. आणि सरळ टीप नको, अरुंद झिगझॅग घाला, नाहीतर पहिल्यांदा खाली बसाल तेव्हा शिवण कडकड तुटेल.

जुनं_रीळ
सुई आणायला जाताय तर टाचण्या काचेच्या डोक्याच्या बघा. प्लास्टिकच्या इस्त्रीखाली वितळून कापडाला चिकटतात. सुई जवळ आली की टाचणी काढायची, तिच्यावरून मशीन चालवायचं नाही. संचातला टेप एकदा पट्टीला लावून तपासा. माझा जुना ताणून ताणून दीड सेंटिमीटर वाढला होता, तीन शर्ट झाल्यावर कळलं.

गाठीभेटी
मेण तरीही घ्या. बटणं काही मशीनवर लावणार नाही.

अर्धी_चिंधी
माझ्या मशीनवर बटणंही लागतात.

गाठीभेटी
आणि निघतातही.

मधेच_विचारते
धागा वर आहे म्हणून इथेच विचारते, पडद्याला अस्तर लावताना ते खाली लोंबायला लागतं, काय करावं?

उलटी_टीप
शिवण्याआधी दोन्ही कापडं धुवून घ्या, मग दोन दिवस टांगून ठेवा, खालची पट्टी सगळ्यात शेवटी मारा. पण वेगळा धागा काढा.

रिकामी_बॉबिन
75/11 आणली. एकही टाका सुटला नाही! @तेलपाणी, खूप आभार. आठ इंची कात्री घेतली, काचेच्या टाचण्या घेतल्या. साबण घरातलाच.
एक पाय मस्त शिवून झाला. दुसरा आतली बाजू बाहेर ठेवून जोडला गेलाय. पूर्ण. झिगझॅगने.
ते लाल मण्याचं हत्यार कुठल्या आकाराचं घ्यायचं?

उलटी_टीप
छोटं चालेल.