बुरशी की ट्रायकोस्कोपी: आधी कुठली सीएमई करू?

फोंडा_स्किन_ओपीडी
नमस्कार. फोंड्यात माझा त्वचारोगांचा दवाखाना आहे. सीएमईचे (डॉक्टरांनी शिकत राहावं म्हणून होणाऱ्या कार्यक्रमांचे) क्रेडिट पॉइंट कसेही जमतात. मला सोमवारच्या ओपीडीत उपयोगी पडेल असं काही शिकायचंय.

पाऊस लागला की कुंडईच्या कारखान्यांतले कामगार गजकर्ण घेऊन येतात. जाड युनिफॉर्म, आत ओलसर बनियन, घरी कपडे वाळतच नाहीत. बहुतेकांनी आधी फार्मसीतून क्लोबेटासॉल या जहाल स्टिरॉइडचं मिश्र मलम आणून चोळलेलं असतं. खाज तेवढी थांबते, चट्टा मात्र पसरत राहतो, कडा पुसट होते, जांघेत स्ट्रेच मार्क्स पडतात. स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत, आहेत, तरी एका आईने नवऱ्याचीच ट्यूब तान्ह्या बाळाच्या गालाला लावलेली पाहिली. फार वाईट वाटलं.

दुसरीकडे केसगळतीचे पेशंट वाढलेत, आणि आमच्या एमडीच्या काळात ट्रायकोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या उपकरणाने टाळू आणि केस तपासणं, शिकवत नव्हते. शनिवार-रविवार दवाखाना बंद ठेवून एकच काहीतरी जमेल. काय निवडू?

मडगावकर_डर्मा
मॅडम, आधी बुरशी. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे गजकर्णाच्या एका बुरशीचं नाव २०२० मध्ये आलं, पण त्याचा त्रास आपण त्याआधीपासून बघतोय. बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात बदल झाला की टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध लागू पडत नाही, मग डोस वाढवून फारसं काही हाती लागत नाही. मात्र नुसती स्लाइड्सची भाषणं ऐकू नका. खरवड कडेवरून कशी घ्यायची, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू कसे ओळखायचे, हे स्वतः करायला मिळत असेल तरच जा. आणि स्टिरॉइडने बिघडलेलं गजकर्ण सावळ्या कातडीवर कसं दिसतं त्याचे फोटो दाखवणार का, तेही विचारा. परदेशी पुस्तकातली लाल गोल रिंग आपल्याकडे शोधत बसलात तर निदान हुकतं.

टाळू_आणि_केस
माझं मत उलट आहे. लहान मुलाच्या डोक्यावर टक्कल पडलेला डाग येतो. चाई (बुरशीशिवाय पडणारं गोल टक्कल) समजून स्टिरॉइड टोचलं आणि ती बुरशी निघाली, तर? डर्माटोस्कोप, म्हणजे त्वचा बघायचं भिंग, टेकवला की स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा स्क्रूसारखे पिळलेले केस बुरशीकडे बोट दाखवतात. मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे केस चाईकडे. आपल्या सावळ्या टाळूवर बारीक पांढरे ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ती घामाच्या ग्रंथींची आणि केसांची तोंडं. नवखा त्यांनाच जखमेचे वण समजून बसतो. हे बघून बघूनच डोळ्यात बसतं, म्हणून कार्यशाळेत खरे पेशंट हवेत.

डिचोली_डॉक्टर
पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा, गोवा मेडिकल कौन्सिलची मान्यता आहे का. एका मायक्रोस्कोपमागे किती जण, हेही विचारा. गर्दी असेल तर काहीच शिकून होत नाही.

फोंडा_स्किन_ओपीडी
सर्वांचे मनापासून आभार. पावसाळा संपेपर्यंत बुरशीच, ट्रायकोस्कोपी त्यानंतर. तोवर कपाटातला मायक्रोस्कोप पुसून केओएच तपासणी दवाखान्यातच सुरू करते. केओएचचं द्रावण काचेच्या बाटलीत ठेवलं तर चालेल ना?

मडगावकर_डर्मा
नको मॅडम, प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. अल्कली काच खाते. त्वचेच्या खरवडीला १० टक्के पुरे. नखाला २० टक्के घ्या आणि जास्त वेळ भिजू द्या.