मदत हवी आहे : इंग्रजीत ‘हॅव’ नेमका केव्हा लावायचा?

धागाकर्ता
मी बॅलार्ड पिअरजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात परदेशी पार्ट्यांचा पत्रव्यवहार पाहतो. आज वरिष्ठांनी माझ्या एकाच ई-मेलमधील एका वाक्यातला ‘हॅव’ खोडला आणि पुढच्याच वाक्यात, जिथे मी तो लिहिला नव्हता, तिथे घातला. कारण विचारले तेव्हा ‘व्याकरण उघडून बघ’ एवढेच म्हणाले. मराठीत ‘आहे’ आले की इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप, असे आम्हांला शाळेत शिकवले होते व मी तसेच केले होते. मजकूर आज सायंकाळी जायला हवा. रचना मला येते. कृपया नियम तेवढा एका ओळीत सांगावा.

सात_चोवीसची_लोकल
वाक्ये दिल्याशिवाय नियम कसा सांगणार?

धागाकर्ता
पहिले ‘वी हॅव फाइल्ड द शिपिंग बिल’. दुसरे ‘वी डिड नॉट रिसीव्ह युअर रिप्लाय येट’.

गिरगावकर
पहिले वाक्य निर्दोष आहे, तेव्हा आपल्या वरिष्ठांचेच चुकले असावे. ‘आम्ही शिपिंग बिल दाखल केले आहे’ याचे हेच भाषांतर होते. मी आयुष्यभर आधी मराठीत वाक्य जुळवून मगच इंग्रजी लिहिले आणि माझे कुठे अडले नाही.

निवृत्त_शिक्षिका
गिरगावकर, याच सवयीने मुलांचे गुण जातात, असे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे. धागाकर्ते, पहिले वाक्य आपण पूर्ण दिले आहे का? त्यात दिवस किंवा तारीख होती का?

धागाकर्ता
तारीख अर्थातच होती, ‘ऑन ३ जून’. पार्टीला तारीख नको का? तिचा ‘हॅव’शी काय संबंध?

निवृत्त_शिक्षिका
सगळा संबंध तिथेच आहे. ‘आम्ही ३ जूनला बिल दाखल केले आहे’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही, कारण आपला पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’, ‘परवा’, ‘३ जूनला’ यांच्याशेजारी सुखाने नांदतो. इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट मात्र बोलण्याच्या क्षणाला बांधलेला असतो. घटना होऊन गेलेली असली तरी तिच्याकडे आजच्या बाजूने पाहिले जाते. ‘ऑन ३ जून’ किंवा ‘यस्टरडे’ म्हटले की ती संपलेल्या काळात जाऊन बसते आणि मग साधा भूतकाळच लागतो : ‘वी फाइल्ड द शिपिंग बिल ऑन ३ जून.’ तारीख गाळली तर ‘वी हॅव फाइल्ड’ बरोबर, कारण तेव्हा सांगायचे असते ते एवढेच की बिल आता दाखल आहे, पुढचे काम करा. दुसऱ्या वाक्यातल्या ‘येट’चा अर्थ ‘या घटकेपर्यंत’, म्हणून तिथे ‘वी हॅव नॉट रिसीव्हड’.

विजोड_चष्मा
तिसरी रूपे पाठ करा, गो-वेंट-गॉन, राइट-रोट-रिटन. रोज लोकलमध्ये दहा केली तरी महिन्यात तीनशे होतात.

धागाकर्ता
रूपे मला येतात, असे मी सुरुवातीलाच लिहिले आहे.

गिरगावकर
शिक्षिकाबाईंचा नियम मान्य केला, तरी ‘लतादीदींनी हजारो गाणी गायली आहेत’ यात तारीख कुठे आहे? मग तिथे ‘हॅज संग’ चालेल ना?

निवृत्त_शिक्षिका
६ फेब्रुवारी २०२२ च्या आधी चालले असते. त्यांच्या निधनानंतर मराठीत ‘गायली आहेत’ आजही बरोबर आहे, परंतु इंग्रजीत साधारणपणे ‘संग’ म्हणतात, कारण ज्या व्यक्तीचे गाणे आजपर्यंत चालू राहू शकले असते ती व्यक्तीच आता नाही. तारीख उच्चारलेली नसली तरी काळ संपलेला असू शकतो.

सात_चोवीसची_लोकल
मराठीच्या आधाराने लिहिण्यात आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. ‘तिने आंबे खाल्ले आहेत’ यातले ‘आहेत’ आंब्यांच्या वचनाप्रमाणे येते, म्हणून मी ‘शी हॅव ईटन’ लिहिले होते. इंग्रजीत खाणारी कोण ते पाहायचे, आंबे किती ते नाही. म्हणून ‘शी हॅज ईटन’.

फोर्टकर
पार्टी अमेरिकेची आहे का? तिकडे ‘येट’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ यांच्याबरोबर साधा भूतकाळ बोलण्यात सर्रास चालतो, त्यामुळे आपले दुसरे वाक्य त्यांना खटकणारही नाही.

निवृत्त_शिक्षिका
बोलण्यात चालते म्हणून कार्यालयीन पत्रात मुद्दाम आणू नये. आणि ‘हॅव फाइल्ड ऑन ३ जून’ अमेरिकेतही चुकीचेच ठरेल.

धागाकर्ता
समजले, आभारी आहे. घाईत एक सांगायचे राहिले. तिसऱ्या वाक्याखालीही लाल रेघ आहे : ‘द कंटेनर इज लाइंग इन द यार्ड सिन्स फाइव्ह डेज’. यात तारीखही नाही आणि मराठीतले ‘पाच दिवसांपासून पडून आहे’ तर सरळ वर्तमानच आहे.

सात_चोवीसची_लोकल
हे पहिल्याच वेळी दिले असते तर! कंटेनर तेव्हापासून आतापर्यंत पडून आहे, म्हणून ‘हॅज बीन लाइंग’. शिवाय आपल्या एकट्या ‘पासून’चे इंग्रजीत दोन वाटे होतात. जिथून मोजायला सुरुवात केली तो दिवस सांगायचा तर ‘सिन्स ४ जून’, आणि किती काळ लोटला ते सांगायचे तर ‘फॉर फाइव्ह डेज’.

गिरगावकर
म्हणजे ‘सिन्स’नंतर तारीख आली तरी ‘हॅव’ राहतो, आणि ‘ऑन’नंतर आली की जातो?

निवृत्त_शिक्षिका
होय. ‘सिन्स’ त्या तारखेपासून आजपर्यंत पोहोचतो, ‘ऑन’ त्या तारखेलाच थांबतो.

धागाकर्ता
तिन्ही वाक्ये दुरुस्त करून वरिष्ठांपुढे ठेवली आहेत. पार्टी रॉटरडॅमची आहे, अमेरिकेची नाही. ते आधीच लिहायला हवे होते.