नॉरफोकच्या ड्यूकचा मुलगा

इंग्लंडमधल्या नॉरफोकचा चौथा ड्यूक थॉमस हॉवर्ड याचा १५७२ मध्ये शिरच्छेद झाला आणि घराणं बुडालं, असं म्हणतात. पण त्याचा थोरला मुलगा फिलिप याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. जन्म १५५७ चा. त्याला जन्म देऊन आई दोनेक महिन्यांतच गेली. पुढे लग्न झालं ते ॲन डेकरशी, म्हणजे सावत्र आईच्याच मुलीशी. वडिलांची पदवी जप्त झालेली, तरी आजोळकडून अरुंडेलची अर्लकी (अर्ल ही सरदारी पदवी) मिळाली. प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक झाल्यावर १५८५ मध्ये देश सोडून निघाला, तर समुद्रातच पकडला गेला. त्याच वर्षी मुलगा झाला, आणि बापाला तो कधीच पाहायला मिळाला नाही! फाशीची शिक्षा सुनावली, अमलात मात्र आणली नाही. दहा वर्षं कैदेत काढून १५९५ मध्ये तो टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातच वारला.

तिथल्या बीचम (Beauchamp) टॉवरच्या भिंतीवर त्याने कोरलेली लॅटिन ओळ आजही आहे: या जगात ख्रिस्तासाठी जितकं दुःख, तितकंच पुढच्या जगात त्याच्यासोबत वैभव. खाली सही, ‘अरुंडेल’, आणि तारीख २२ जून १५८७.

घराणं बुडालं म्हणाल, तर १६६० मध्ये ड्यूकपद परत मिळालं ते याच फिलिपच्या पणतवाला.