तेरुक्कूत्तू जगवायचा तर रात्रभराचाच हवा

वेशीवरचा: तमिळनाडूच्या उत्तर भागात, कांचीपुरम-तिरुवण्णामलै पट्ट्यात, द्रौपदी अम्मन, म्हणजे देवी मानलेली द्रौपदी, तिच्या जत्रेत तेरुक्कूत्तू हे तमिळ लोकनाट्य रात्रभर चालतं. शहरी नाट्यमहोत्सव त्याचा तासाभराचा तुकडा दाखवतात आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. माझा याला ठाम विरोध आहे. जत्रेच्या शेवटी मातीचा भलामोठा आडवा दुर्योधन घडवतात, त्याची मांडी फुटल्यावरच द्रौपदी केस बांधते. आधीच्या रात्री वस्त्रहरण, अर्जुनाचं तप, कर्णाचा अंत जागून पाहिलेलं गाव भोवती उभं असतं. तासाभरात काय उरतं? लाकडी किरीट, भुजाभूषणं आणि गिरक्या. पैसा जत्रांना द्या.

मोहरी: जत्रांचा हंगाम संपल्यावर कलावंताने काय खायचं? आणि शहराला इतकं परकं का मानता? पुरिसै गावचा कूत्तू पाहून भारावलेल्या तमिळ नाटककार ना. मुत्तुसामींनी १९७७ मध्ये चेन्नईत 'कूत्तुप्पट्टरै' ही नाट्यसंस्था काढली. शहरातल्या नटांना या परंपरेची ओळख झाली ती अशा लोकांमुळेच.

साधना_पु: लांबीवरून भांडताय, पण शिकणारी मुलं कुठून आणायची? पी. राजगोपाल यांनी कांचीपुरमजवळ चालवलेलं कट्टैक्कूत्तू (याच कलेचं दुसरं नाव) गुरुकुल २००२ ते २०२० चाललं. शाळेचा अभ्यास आणि कूत्तू एकाच छताखाली, आणि मुलीही शिकत होत्या! ज्या कलेत द्रौपदीसुद्धा पुरुषच होत आला, तिथे ही केवढी मोठी गोष्ट. ते बंद पडलं याची हळहळ मला महोत्सवांपेक्षा जास्त वाटते.

वेशीवरचा: मुलींबद्दल शंभर टक्के सहमत. पण शिकून त्या उभ्या कुठे राहणार? कट्टियक्कारन, म्हणजे साधारण आपला सोंगाड्या, समोरच्या गावाचा नूर बघून ऐन वेळी बोलतो. पहाटे तीनला पेंगणाऱ्या माणसांना हसवून जागं करायचं कसब तासाभराच्या बांधीव प्रयोगात येत नाही.

मोहरी: मान्य, शिकायला रात्रच हवी. पण मधल्या महिन्यांत मानधन मिळालं नाही तर मृदंगवाला नि मुखवीणा हे सनईसारखं वाद्य वाजवणारा दुसरीकडे मजुरी धरतील. पुढच्या जत्रेला संच कुठून उभा करणार?

वेशीवरचा: मग महोत्सवांनी एक अख्खं आख्यान लावावं, रात्री दहा ते पहाटेपर्यंत, आणि पूर्ण रात्रीचं मानधन द्यावं. तुकड्याला माझा नकार कायम.

साधना_पु: त्या रात्री दोन तरी मुख्य भूमिका मुलींकडे हव्यात, ही माझी अट.