स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं टूल म्हणे आठवड्यात होतं!

अर्धविराम: कालच्या स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या (म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून तपासण्याच्या) धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "पार्सर आयता मिळतो, क्लास हायरार्की काढली की कॉल ग्राफ तयार. आठवड्याचं काम. बाकी पीएचडीवाल्यांनी केलेला बाऊ." (क्लास हायरार्की म्हणजे क्लासांची वंशावळ, कॉल ग्राफ म्हणजे कोणती मेथड कोणाला बोलावते त्याचा नकाशा.) तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं.

जावात 'ओबीजे.टूस्ट्रिंग()' ही एकच ओळ घ्या. ओबीजेचा टाइप नुसता ऑब्जेक्ट असेल तर सीएचए (नुसती वंशावळ बघणारी ही पद्धत) ती मेथड ओव्हरराइड करणारा, म्हणजे आपल्या परीने पुन्हा लिहिणारा, प्रत्येक क्लास पकडणार. लायब्ररी धरून एका ओळीतून ढीगभर एजेस, म्हणजे नकाशातल्या रेघा! १९९६ च्या आरटीए या पद्धतीने निदान ज्यांचा कुठेतरी 'न्यू' झालाय, म्हणजे ऑब्जेक्ट बनलाय, तेवढेच क्लास ठेवले. तेही पुरत नाही, पॉइंट्स-टू (कोणतं व्हेरिएबल कोणत्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवू शकतं ते काढणं) करावंच लागतं. ते साधं केलं तर दोन अ‍ॅरेलिस्टची खिचडी होते, कारण दोघींचा आतला अ‍ॅरे लायब्ररीतल्या त्याच ओळीत तयार होतो. एकीत ग्राहक टाका, दुसरीत बिलं. टूल म्हणणार, ग्राहकांच्या यादीतून बिल निघू शकतं. आठवड्यात करा बरं हे.

एकओळी: तो "बाऊ"वाला मीच. टूल कशासाठी हवंय ते आधी विचारा की! आम्हाला न वापरलेल्या मेथड शोधायच्या होत्या. एजेस जास्त आल्या तर आल्या, तरीही जिथे कोणी पोचत नाही ते मेलेलंच.

जुनं_खोड: असंच म्हणून मी एक क्लास उडवला होता. त्याचं नाव कॉन्फिगच्या एक्सएमएलमध्ये स्ट्रिंग म्हणून बसलेलं, 'क्लास.फॉरनेम'ने लोड व्हायचा, तोही फक्त महिनाअखेरच्या जॉबमध्ये. ३१ तारखेला रात्री अडीचला फोन.

एकओळी: मग दोष रिफ्लेक्शन (असं चालू प्रोग्रॅममध्ये नावावरून क्लास उचलणं) वापरणाऱ्याचा.

अर्धविराम: डिपेंडन्सी इंजेक्शन (हवे ते ऑब्जेक्ट फ्रेमवर्ककडून आयते घेणं, तेही बहुधा रिफ्लेक्शननेच) वापरता ना? मग तुम्हीच ते! २०१५ मध्ये याच क्षेत्रातल्या लोकांनी 'साउंडिनेस'चा (म्हणजे काही न सोडण्याच्या जवळपास जाण्याचा) जाहीरनामा काढून कबूल केलं की रिफ्लेक्शनसारख्या गोष्टी टूलं सोडून देतात, निदान काय सोडलं ते सांगावं. तुमच्या टूलने सांगितलं?

नल_आला: विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे "शून्य वॉर्निंग" असा फतवा आहे. एकाने 'सप्रेसवॉर्निंग्ज' (वॉर्निंग दाबणारी खूण) थेट क्लासच्या डोक्यावर चिकटवलं. आत खरा नल पॉइंटरचा बग (रिकामा संदर्भ वापरणं) दोन वर्षं सुखाने नांदला.

एकओळी: +१. टूलवाले हजार वॉर्निंग ओकतात, मग लोक दुसरं काय करणार?

अर्धविराम: दाबायचं तुम्ही आणि शिव्या आम्हाला!

नल_आला: हजारातल्या नऊशे खोट्या असतील तर दाबणारच. मोजल्यात मी, एका शनिवारी. तो शनिवार कोणी परत देणार आहे का?

जुनं_खोड: भांडू नका. फेसबुकच्या इन्फर या टूलचा अनुभव बघा. रात्रभर चालवून यादी दिली तर दुरुस्त्या जवळपास शून्य. तेच अ‍ॅनालिसिस बदल रिव्ह्यूला आल्यावर दाखवलं तर ७० टक्क्यांच्या वर. अल्गोरिदम तोच, वेळ बदलली.

अर्धविराम: हे मान्य. पण तेवढं वेगात चालायला अ‍ॅनालिसिस एकेका प्रोसिजरपुरतं करता यावं लागतं. ते आठवड्यात होत नाही!

एकओळी: बरं बाबा, आठवड्याचा महिना करतो. खूश?

अर्धविराम: रिफ्लेक्शन धरून?

एकओळी: ते तुमच्या पीएचडीवाल्यांना ठेवलंय.