एएफच्या रुग्णाला योगवर्ग डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावा का?

सांजवेळ: आईला (वय ७१) एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार आहे. ठोके अचानक सैरभैर होतात, तासाभरात आपोआप ताळ्यावर येतात. गेल्या वर्षी तिने पुण्यात अय्यंगार पद्धतीचा वर्ग लावला; खुर्ची, लोड, पट्टे घेऊन आसनं. धडधड कमी झाली, झोप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, "करा, नुकसान नाही." एवढंच! मला वाटतं, हे चिठ्ठीवर यायलाच हवं. अमेरिकेत कॅन्ससला डॉ. धनुंजय लक्किरेड्डींच्या गटाने असाच अभ्यास केला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४९ रुग्ण, आधी तीन महिने नुसती नोंद, मग तीन महिने अय्यंगार योग. त्रास जाणवणारे एएफचे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले. चिंता आणि नैराश्यही उतरलं.

तटस्थ: सपशेल असहमत. त्या अभ्यासात वेगळा तुलना-गटच नव्हता, त्याच माणसांची आधीच्या तीन महिन्यांशी तुलना केली. एएफ मुळातच कमीजास्त होतो. त्रास शिगेला असताना माणूस वर्ग लावतो, पुढे तो ओसरतो आणि श्रेय आसनांना जातं. आपल्याकडचा योगा-केअर प्रयोग पाहा: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३९५९ रुग्ण, २४ रुग्णालयं, २०२० मध्ये प्रसिद्ध. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात, तातडीने भरती, या सगळ्यांत मिळून योगाने ठोस फरक पडल्याचं सिद्ध झालं नाही.

सांजवेळ: त्याच प्रयोगात योग करणाऱ्यांना जास्त बरं वाटत होतं आणि ते रोजच्या कामांना लवकर लागले, हे तुम्ही गाळलंत. सत्तरीच्या बाईला भाजी आणायला एकटीने जावंसं वाटणं, हा परिणाम नाही का?

पाऊलवाट: मी सांजवेळच्या बाजूने. रोज अर्धा तास आसनं आणि दीर्घश्वसन केल्यापासून माझ्या घड्याळातला एचआरव्ही (दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचा आकडा) चढलाय. तणाव उतरल्याचा हा पुरावाच आहे.

ईसीजीवाली: मी हॉल्टर (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) लावण्याचं काम करते, म्हणून राहवत नाही. श्वास घेताना ठोके जरा जलद होतात, सोडताना मंदावतात. यात ठोके मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा मोठा वाटा. श्वास संथ केला की हा चढउतार मोठा होतो. इटलीतले संशोधक बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर पाहिलं: ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा की 'ओम मणि पद्मे हुम', श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हा ताल ठळक होतो. म्हणजे घड्याळ बरंचसं श्वासच मोजतंय, तणाव उतरला असेल किंवा नसेलही. आणि एएफ चालू असताना तर ठोके विस्कटलेलेच असतात, आकडा उंच दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो. तो आकडा बघून खूश झालेले रुग्ण मी पाहिलेत. जीव कासावीस होतो.

माजघर: आमच्या काकांची धडधड प्राणायामाने थांबली. मग त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच सोडली. चार महिन्यांत उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. धडधड जाणवत नाही म्हणजे गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका टळला, असं नसतं. वय, रक्तदाब, मधुमेह तसेच राहतात. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

सांजवेळ: वाचून हात थांबला. पण मग चिठ्ठीवर लिहायची गरज आणखीच वाढते ना? डॉक्टर गप्प राहिले की शेजारीपाजारी सांगतात, आणि ते गोळीबद्दल काही बोलत नाहीत. दोन्ही एकाच कागदावर हवं: वर्ग आठवड्यातून दोनदा, गोळी रोज.

तटस्थ: असं असेल तर विरोध निम्मा मागे घेतो. मात्र 'लय सुधारण्यासाठी' असं लिहू नका. 'बरं वाटावं म्हणून' लिहा, ते खरं आहे.

ईसीजीवाली: आणि वर्ग लावायच्या आधी एक हॉल्टर, तीन महिन्यांनी दुसरं.

सांजवेळ: आधीचं झालेलं नाही, आता हळहळ वाटते. पुढचं दिवाळीनंतर लावतोय. तोवर धडधड कधी झाली, किती वेळ टिकली, ते आई कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते आहे.